काडतूस महाग, गुण किती?

१ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे नाव एकदम देशभर झाले. गावच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवले. त्यानंतरचे काही दिवस वर्तमानपत्रांत जे छापून आले त्यात पदकाइतकाच एक आकडा लोकांच्या लक्षात राहिला. सरावाच्या एका गोळीला १२० रुपये पडत आणि मुलाच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढले होते.

कोल्हापूरला ही गोष्ट नवी नाही. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायचे म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. या मुलखात खेळासाठी कर्ज काढणारा माणूस वेडा ठरत नाही. पण कुस्तीच्या खुराकात दूध, तूप, बदाम यांचा हिशेब घरातल्या कुणालाही कळतो. काडतुसांचा कळत नाही. दुकानात दोन पेट्या शेजारी ठेवलेल्या असतात, दोन्हींत सारख्याच दिसणाऱ्या ५० गोळ्या आणि एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट. महाग पेटी घेतली तर मुलाचे गुण वाढतात का? पालक हा प्रश्न प्रशिक्षकाला विचारतात, प्रशिक्षक मुलाच्या गुणपत्रिकेकडे बघतो आणि बहुतेक वेळा "अजून नको" म्हणतो. त्या "अजून"मध्ये बरेच पदार्थविज्ञान दडलेले आहे.

दहाचे वर्तुळ

५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. शर्टाच्या बटणाएवढा. ०.२२ ची गोळी स्वतःच ५.६ मिलिमीटर जाडीची. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि सर्वोत्तम गोळीला १०.९ मिळतात. केंद्रापासून गोळी ०.८ मिलिमीटर सरकली की गुणाचा एक दशांश जातो. कुसाळेने पॅरिसमध्ये ४४ गोळ्यांत ४५१.४ केले, म्हणजे सरासरी १०.२६. उलटा हिशेब केला तर त्याची सरासरी गोळी केंद्रापासून पाच-सहा मिलिमीटरवर बसत होती. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून, तिन्ही स्थितींत मिळून.

आता काडतुसाकडे येऊ. पितळेची नळी, तिच्या बुडाच्या काठात पेटणारे मिश्रण, वर थोडी दारू आणि तोंडाशी सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, एवढाच हा ऐवज. घोडा ओढला की पिन काठावर आदळते, मिश्रण पेटते आणि गोळी सेकंदाला सुमारे ३२७ मीटर वेगाने बाहेर पडते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या खाली ठेवलेला असतो. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावत पुन्हा ती सीमा ओलांडते, त्या वेळी तिच्याभोवतीची हवा अस्थिर होते आणि गोळी डगमगते. दुकानदाराने "ही जास्त फास्ट आहे" म्हणून दाखवलेली ०.२२ ची पेटी स्पर्धेसाठी म्हणूनच बाद समजावी.

महाग पेटीत खरे पैसे मोजतो ते सारखेपणासाठी. पेटीतली पहिली गोळी आणि पन्नासावी गोळी यांचा वेग, वजन, आकार जितका एकसारखा तितकी पेटी चांगली. याचा परिणाम शाळेतल्या गणिताने काढता येतो. ५० मीटर जायला गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला १२ सेंटिमीटरच्या आसपास खाली ओढते. हे खाली येणे प्रत्येक वेळी सारखे असेल तर काहीच बिघडत नाही, रायफलची साइट तेवढी वर लावलेली असते. पण एखादी गोळी सेकंदाला दहा मीटर हळू निघाली तर ती आणखी सुमारे सात मिलिमीटर खाली बसते. नेम तोच, श्वास तोच, बोट तेच, आणि दहाच्या जागी नऊ. फरक तीनच मीटरचा असेल तर घसरण दोन मिलिमीटरवर येते. स्वस्त आणि महाग पेटीतले मुख्य अंतर हे आहे. दारू मोजताना, काठात मिश्रण फिरवून बसवताना, गोळीच्या बुडाला आकार देताना किती काटेकोरपणा पाळला, त्याचे ते पैसे.

काही कारखान्यांत वरची आणि खालची प्रत जन्मतः वेगळी नसतेच. एकाच पद्धतीने माल तयार होतो, प्रत्येक लॉट चाचणीत झाडून पाहिला जातो आणि जो लॉट सर्वांत घट्ट बसतो त्याच्यावर महाग नाव चढते. आंबा पेटीत भरण्याआधी प्रतवारी करतात तसेच.

इथे अनुभवी नेमबाज एक गोष्ट सांगतात, ती पालकांना विचित्र वाटते. सर्वांत महाग लॉट तुमच्या रायफलला मानवेलच असे नाही. प्रत्येक नळीच्या आतले माप आणि गोळी सुटताना नळीची होणारी थरथर थोडी वेगळी असते. म्हणून जगातले वरचे खेळाडू आपली रायफल घेऊन काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रात जातात. नळी शिकंज्यात घट्ट बसवतात, माणसाचा हात पूर्ण काढून टाकतात आणि एकेका लॉटच्या गोळ्या झाडून कुठल्या लॉटचे ग्रुपिंग सर्वांत लहान येते ते मोजतात. जो लॉट जमेल त्याच्या वर्षभराच्या पेट्या एकदम उचलतात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची ईली आणि जर्मनीची आरडब्ल्यूएस ही या धंद्यातली जुनी नावे. नुसते नाव बघून, लॉट न तपासता महाग पेटी घेणे म्हणजे माप न देता महागडा सूट शिवून घेणे.

चूक अधिक चूक

मग "अजून नको" कधीपर्यंत? याचे उत्तर चुकांच्या बेरजेत आहे. नेमबाजाच्या हाताची चूक आणि काडतुसाची चूक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक कधी डावीकडे नेते तेव्हा दुसरी वर. अशा चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. त्यांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचे. काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखे.

समजा नव्या मुलाच्या हाताची चूक २० मिलिमीटर आहे, स्वस्त काडतुसाची ६ आणि महागाची ३. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.) स्वस्त काडतुसाने एकूण चूक येते २०.९ मिलिमीटर, महागाने २०.२. फरक एक मिलिमीटरही नाही. आता हाताची चूक ४ मिलिमीटरवर आणलेला खेळाडू घ्या. स्वस्त काडतुसाने त्याची एकूण चूक ७.२, महागाने ५. दोन मिलिमीटरांहून अधिक फरक पडला, म्हणजे प्रत्येक गोळीमागे पावणेतीन दशांश. ६० गोळ्यांत सोळा गुण! या पातळीवर सोळा गुण म्हणजे अंतिम फेरी आणि परतीचे तिकीट यांतले अंतर.

तेच काडतूस, तोच भाव. एकाला त्याने काही दिले नाही, दुसऱ्याला सगळे दिले. कुसाळेच्या घरी कर्ज काढणे वेडेपणाचे नव्हते ते यासाठी. सरासरी गोळी केंद्रापासून पाच-सहा मिलिमीटरवर बसवणाऱ्याला काडतुसाची प्रत परवडो न परवडो, लागतेच. तेजस्विनी सावंतने ८ ऑगस्ट २०१० रोजी म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचे जागतिक विजेतेपद मिळवले तेव्हा तिचे गुण होते ६०० पैकी ५९७. साठ गोळ्यांत दहाच्या बाहेर जेमतेम तीन गुण सांडले. तिथे काडतुसाला एकाही चुकीची मुभा उरत नाही.

नव्या मुलाने मात्र तेच पैसे गोळ्यांची संख्या वाढवण्यात घालावेत. एका महाग पेटीच्या किमतीत स्वस्त दोन-तीन पेट्या येत असतील तर हाताची चूक कमी होण्याची शक्यता त्या दोन-तीन पेट्यांतच आहे. आणि त्याहून स्वस्त सराव म्हणजे गोळीच न घालता नेम धरून घोडा ओढणे. नेमबाज त्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. त्याला एक पैसा लागत नाही, कंटाळा मात्र भरपूर येतो.

उडत्या तबकडीचा हिशेब वेगळा

हे झाले रायफलचे. कोल्हापूरची ओळख रायफल आणि पिस्तुलाची आहे. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले तेही याच परंपरेतले. शॉटगन, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीने उडती तबकडी फोडणे, हा खेळ इथे दुर्मीळ. त्याला जागाच फार लागते. ट्रॅप प्रकारात तबकडी ७६ मीटर लांब फेकली जाते आणि छरे दोनशे मीटरपर्यंत जाऊन पडतात. उसाच्या पट्ट्यात एवढी मोकळी, निर्मनुष्य जमीन कोण सोडणार? बारा बोअरची बंदूक मात्र जिल्ह्याला परकी नाही. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ती अनेक घरांत टांगलेली असते आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली काडतुसे परवानाधारकांच्या ओळखीची आहेत. पण डुकराला हुसकावणारे काडतूस आणि तबकडीचे काडतूस यांत सारखेपणा फक्त जाडीचा.

तबकडीला "क्ले" म्हणतात, पण तिच्यात माती नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकट पदार्थ दाबून ती बनवतात. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे काडतुसात साडेचोवीस ग्रॅमपेक्षा जास्त छरे चालत नाहीत आणि छऱ्याचा व्यास २.६ मिलिमीटरच्या वर नको. २.४ मिलिमीटरचे छरे घेतले तर २४ ग्रॅममध्ये ते सुमारे तीनशे बसतात. म्हणजे रायफलसारखी एक गोळी नव्हे, तीनशे दाण्यांचा ढग. नेम एखाद-दोन वीत चुकला तरी ढगाचा काठ तबकडीला लागू शकतो. त्यामुळे महाग काडतुसाचा प्रश्न इथे वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागतो.

स्वस्त काडतुसातले छरे मऊ शिशाचे असतात. बार उडताच मागून जोराचा दाब येतो, खालच्या थरातले छरे वरच्यांच्या भाराखाली चेपतात आणि चेपलेला छरा हवेत सरळ जात नाही, बाजूला फुटतो. महाग काडतुसात शिशात अँटिमनी जास्त घालून छरे कडक केलेले असतात आणि त्यांच्याभोवतीची प्लास्टिकची वाटी चांगली असते. परिणामी ढग दाट आणि सारखा राहतो, त्यात भोके पडत नाहीत.

किती फायदा? ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजापासून दूर जात असते आणि तिची कड दिसते. साधारण ३५ मीटरवर, नेम बरोबर असताना, तिच्यावर सरासरी तीन छरे बसतात असे धरू. संभाव्यतेच्या नियमाने एकही छरा न लागण्याची शक्यता येते ५ टक्के. ढग दहा टक्के विरळ झाला तर सरासरी २.७ छरे आणि निसटण्याची शक्यता ६.७ टक्के. म्हणजे अचूक नेमाच्या शंभर तबकड्यांत एक-दोन तबकड्या काडतुसापायी जातात. ढोबळ हिशेब आहे, आणि ट्रॅपच्या पात्रता फेरीत दुसरी गोळी झाडता येते म्हणून प्रत्यक्षात फरक आणखी कमी पडतो. स्कीटमध्ये अंतर वीस मीटरच्या आसपास, छरे आणखी बारीक म्हणून संख्येने जास्त. तिथे सरासरी सहा छरे धरले तर याच हिशेबाने फरक हजारात दोन तबकड्यांवर येतो. स्कीटसाठी महागातले काडतूस घेणारा बहुधा स्वतःच्या समाधानासाठी घेतो.

पण एक तबकडी म्हणजे काय, हे पॅरिसमध्येच दिसले होते. ५ ऑगस्ट २०२४ रोजी स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचे कांस्यपदक चीनविरुद्ध ४३-४४ असे एका तबकडीने हुकले. त्या तबकडीचा दोष काडतुसाला देण्याचे काही कारण नाही. सव्वाशेतल्या चाळीस तबकड्या सोडणाऱ्याने मात्र काडतुसाच्या प्रतीवर बोलण्याआधी त्या चाळीसांचे काय ते बघावे.

वेगाबद्दलही बरेच गैरसमज आहेत. सेकंदाला ४०० मीटरऐवजी ४२५ मीटरचे काडतूस घेतले तर ३५ मीटरवर छरे पाच ते सात हजारांश सेकंद आधी पोहोचतात. तेवढ्या वेळात आडवी जाणारी तबकडी फार तर दहा-बारा सेंटिमीटर सरकते आणि ढग पाऊण मीटर रुंद असतो. नेमबाजाने काडतूस बदलून वेग वाढवला की सुरुवातीला उलट तबकड्या सुटतात, कारण किती पुढे नेम धरायचा याची हाताला लागलेली सवय बिघडते.

खांदा आणि रक्त

वेगवान आणि जड काडतुसाची खरी किंमत खांदा मोजतो. साडेतीन किलोच्या बंदुकीतून २४ ग्रॅमचे काडतूस उडवले तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे १८ ज्यूल भरते, २८ ग्रॅमच्या काडतुसाने सुमारे २४. एका बाराला हा फरक जाणवत नाही. १२५ तबकड्यांच्या स्पर्धेत, शिवाय दुसऱ्या नळीचे बार धरून, शंभर बारांनंतर तो जाणवतोच. शरीर धक्क्याची आगाऊ वाट पाहू लागते. घोडा ओढण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे येतो. ही सवय एकदा लागली की सुटायला महिने जातात. अंगाने बारीक असलेल्या मुला-मुलींना जास्त किमतीचे, जास्त दणक्याचे काडतूस देणे म्हणजे पैसे देऊन ही सवय विकत घेणे. हलके, मध्यम वेगाचे काडतूस आणि खांद्याला नीट बसणारा दस्ता यांचा फायदा जास्त.

दुसरी गोष्ट शिशाची, आणि ती रायफलवाल्यांनाही लागू आहे. बहुतेक काडतुसांच्या पेटणाऱ्या मिश्रणात शिशाचे संयुग असते. प्रत्येक बाराबरोबर त्याची अतिसूक्ष्म धूळ हवेत उडते आणि गोळीच्या बुडाचे शिसेही त्यात मिसळते. बंदिस्त रेंजमध्ये ही धूळ श्वासातून जाते, हाताला लागते, हातावरून वडापावला लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीही ज्ञात पातळी नाही आणि १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून थांबवले पाहिजे. पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाऊ शकते. बारा-तेरा वर्षांची मुले रेंजवर तासन्‌तास असतात, आणि त्यांच्याबरोबर कधी धाकटे भावंडही बाकावर खाऊ खात बसलेले असते. मैदानी खेळातही हिशेब मोठा आहे. एका स्पर्धकाच्या १२५ बारांतून तीन किलो शिसे जमिनीवर पडते. युरोपीय संघाने पाणथळ जागांवर शिशाचे छरे वापरायला फेब्रुवारी २०२३ पासून बंदी घातली ती यामुळेच. पोलादी छरे आहेत, पण ते हलके असल्यामुळे हवेत लवकर मंदावतात.

महाग पेटी इथे काहीच वाचवत नाही. तिच्यातही शिसेच असते. उपयोगी पडतात त्या बिनखर्चाच्या गोष्टी. रेंजवर काही खायचे नाही, तोंडाला हात लावायचा नाही, बाहेर पडताना साबणाने हात-तोंड धुवायचे, रेंजचे कपडे घरच्या कपड्यांत टाकायचे नाहीत. झाडूने कोरडी झाडलोट केली की खाली बसलेली धूळ पुन्हा उडते, म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसायची. हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहिली पाहिजे, उलट नव्हे. रोज बार काढणाऱ्यांनी आणि रेंजवर काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारून रक्तातले शिसे तपासून घ्यावे.

आणि तरीही दोन पेट्यांपुढे उभे राहून निर्णय होत नसेल तर घरगुती चाचणी आहे. रायफलवाल्याने दोन्ही प्रकारच्या काडतुसांनी टेकू लावून दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप काढावेत आणि फूटपट्टीने मोजावेत. शॉटगनवाल्याने ३५ मीटरवर मोठा कागद ताणून पाऊण मीटरच्या वर्तुळातली भोके मोजावीत, एका बारावर न थांबता दहा बारांची. काडतूस कुठले ते झाडणाऱ्याला कळू न देता मित्राने भरून द्यावे. महाग पेटी हातात असल्याचे नुसते माहीत असले तरी माणूस जरा जास्त मन लावून नेम धरतो, आणि मग गुण कशामुळे वाढले ते कळत नाही. हवामानही सारखे हवे. दोन्ही पेट्या एकाच सकाळी झाडाव्यात आणि मधल्या वेळात सावलीत ठेवाव्यात, कारण एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत तापलेल्या काडतुसातली दारू वेगळ्या जोराने जळते.